दुखावलेली मुले आणि आपला धर्मग्राम

(लघु ख्रिस्ती समूहांच्या या महिन्याच्या सभेसाठी अभ्यासपाठ. वाचने : मत्तय १४:२२-३३ आणि लूक २४:१३-३५)



मागच्या महिन्यात समूहप्रमुखांच्या सभेत एक तक्रार आली. नाक्यावरच्या क्रुसाच्या कठड्यावर रात्री अकरा-अकरापर्यंत पोरे बसलेली असतात. सिगारेटी ओढतात, मोबाईलवर काहीबाही बघतात, येणाऱ्या-जाणाऱ्यांवर शेरे मारतात. एक-दोनदा सकाळी झाडलोट करणाऱ्या मावशींना तिथे रिकाम्या बाटल्याही सापडल्या. फादरांनी मिस्सानंतर जाहीर करावे, नाहीतर पोलिसांना कळवावे, असे जवळजवळ ठरतच आले होते. 'वाया गेलेली पोरे' हे शब्द त्या सभेत चार-पाच वेळा तरी उच्चारले गेले. त्याच पोरांपैकी एकाची आई मागच्या बाकावर बसली होती, हे आमच्यापैकी कोणाच्या लक्षातही आले नाही. चहा न घेताच ती उठून गेली. पुढच्या रविवारी ती साडेसातच्या मिस्साला तिच्या नेहमीच्या बाकावर दिसली नाही.

हा पाठ तयार करायला आम्ही बसलो तो त्यामुळे. खरे तर या महिन्यासाठी वेगळा विषय ठरला होता. तो पुढे ढकलला आहे, समूहप्रमुखांनी कृपया नोंद घ्यावी.

न दिसणारी जखम

बोट कापले तर रक्त दिसते, आपण लगेच फडके बांधतो. मनावर झालेला आघात दिसत नाही. एखाद्या घरात बाप रोज रात्री पिऊन येतो. घरातले सात वर्षांचे पोर अंथरुणात जागे असते. फाटकाची कडी कशी वाजली, पाऊल कसे पडले, यावरून त्याला कळते की आज काय होणार. आईला मार बसेल की बाप तसाच झोपेल. रोजच्या त्या ऐकण्याने पोराचे शरीर सतत सावध राहायला शिकते. छाती धडधडत असते, मुठी वळलेल्या असतात. तेच पोर सोळा वर्षांचे झाले, वर्गात सरांनी आवाज चढवला, की ते बाक ढकलून उठते आणि अंगावर धावून जाते. सर म्हणतात उद्धट आहे. शेजारी म्हणतात बापावर गेला. त्याच्या अंगाला मात्र फाटकाची कडी ऐकू आलेली असते.

हे काही आमच्या कल्पनेतले नाही. अमेरिकेतील डॉ. व्हिन्सेंट फेलिटी आणि डॉ. रॉबर्ट आंडा यांनी १९९० नंतरच्या दशकात सॅन डिएगो येथे सतरा हजारांहून अधिक प्रौढ माणसांना त्यांच्या बालपणाविषयी विचारले. मारहाण, अपमान, लैंगिक अत्याचार, हेळसांड, घरात आईला होणारी मारझोड, घरातले व्यसन, मानसिक आजार, आईबाप वेगळे होणे, घरातले कोणी तुरुंगात जाणे, असे दहा प्रकार त्यांनी धरले. पहिला अहवाल १९९८ साली प्रसिद्ध झाला. सुमारे दोन तृतीयांश लोकांनी यातला निदान एक अनुभव सांगितला. आठांत एकाने चार किंवा अधिक सांगितले. आणि ज्यांनी चार किंवा अधिक सांगितले, त्यांच्यात दारू, अंमली पदार्थ, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचा धोका असा एकही अनुभव नसलेल्यांच्या चार ते बारा पट आढळला.

यातली एक गोष्ट आपण विसरू नये. ही माणसे झोपडपट्टीतली नव्हती. बहुतेक शिकलेली, नोकरीपेशातली, आरोग्यविमा असलेली होती. म्हणजे ज्या घरांच्या बाहेर सुंदर ग्रिल आणि दारात गाडी आहे, त्या घरांनाही हा विषय लागू आहे. आणखी एक इशारा खुद्द डॉ. आंडा यांनी सहकाऱ्यांसह २०२० साली दिला आहे : ही मोजणी मोठ्या लोकसंख्येसाठी आहे, एकेका माणसाचे भवितव्य सांगण्यासाठी नाही. तेव्हा सभेत बसून कोणी कोणाच्या मुलाचे गुण मोजू नयेत, ही विनंती.

धीर देणारी गोष्टही आहे. हवाई बेटांपैकी काऊआई या बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर या अभ्यासिकेने कित्येक दशके मागोवा घेतला. गरिबी, घरातली भांडणे, आईबापांचे व्यसन किंवा आजार अशा अडचणींत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले चांगली, कष्टाळू, दुसऱ्याची काळजी घेणारी माणसे झाली. त्यांच्यात जे समान आढळले त्यात एक गोष्ट वारंवार पुढे आली : आईबाप नाहीत तर नाहीत, पण दुसरे कोणीतरी एक मोठे माणूस त्या मुलाच्या पाठीशी टिकून राहिले होते. कोणाची आजी, कोणाचे शिक्षक, कोणाच्या चर्चमधले कोणी. एक माणूस. इथे आपल्याला आपले काम दिसायला लागते.

दुःखी मातेचे छोटे चर्च

लॉस एंजलिस शहराच्या पूर्व भागात बॉईल हाइट्स नावाची वस्ती आहे. तिथे दोलोरेस मिशन हा धर्मग्राम. दोलोरेस म्हणजे स्पॅनिशमध्ये दुःखे. १९८६ साली येशूसंघीय फादर ग्रेगरी बॉईल तिथे प्रमुख धर्मगुरू म्हणून आले तेव्हा त्यांचे वय अवघे बत्तीस होते. (वस्तीचे आणि फादरांचे नाव एकच, हा निव्वळ योगायोग. वस्तीचे नाव जुन्या काळच्या दुसऱ्याच एका बॉईल यांच्यावरून पडलेले आहे.) महाधर्मप्रांतातला हा सर्वांत गरीब धर्मग्राम समजला जाई. पिको गार्डन्स आणि आलिसो व्हिलेज या दोन सरकारी वसाहती त्याच्या हद्दीत येत. माणसे बहुतेक मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतून पोटासाठी आलेली. एवढ्याशा जागेत मुलांच्या आठ टोळ्या, आणि त्यांच्या हातात खरी पिस्तुले. १९८८ साली फादरांनी टोळीच्या भांडणात मारल्या गेलेल्या पहिल्या तरुणाचा दफनविधी केला. पुढच्या वर्षांत असे दफनविधी दोनशेच्या वर गेले.

आकडा वाचून आपण पुढे जातो, म्हणून इथे वाचणाऱ्याने थोडे थांबावे. आपल्या धर्मग्रामात एखादा तरुण अपघातात गेला तर महिनाभर आपल्याला जेवण गोड लागत नाही.

आता मुख्य गोष्ट. ही कथा सांगताना बहुतेक ठिकाणी फक्त फादर बॉईल यांचे नाव घेतले जाते, आणि तसे ते स्वतःही सांगत नाहीत. सुरुवात केली ती धर्मग्रामातल्या आयांनी. तिथे आपल्यासारखेच लघु समूह होते. लॅटिन अमेरिकेत १९६८ च्या मेदेयिन येथील बिशपांच्या परिषदेनंतर ज्या तळागाळाच्या ख्रिस्ती समूहांना बळ मिळाले, त्याच परंपरेतले. आठवड्यातून एकदा घरी जमायचे, शुभवर्तमानाचा उतारा वाचायचा, आणि हा उतारा आज आपल्या गल्लीत काय सांगतो ते विचारायचे.

एका संध्याकाळी वाचनात आला तो येशू पाण्यावरून चालत येतो हा प्रसंग. रात्र, वादळ, नाव हेलकावते आहे, आणि प्रभू पेत्राला नावेतून उतरून ये म्हणतो. बाहेर त्या दिवसांत गोळीबार चालू होता. रात्री मुलांना खिडकीपासून लांब झोपवायचे, दारे लावून रोझरी म्हणायची, एवढेच त्या आयांच्या हाती होते. वाचता वाचता त्यांच्यातली एक उसळून बोलली की हे आपल्यालाच सांगितले आहे. आपण नावेत बसून राहिलो आहोत. त्याच रात्री सुमारे सत्तर महिला घराबाहेर पडल्या आणि एका टोळीच्या हद्दीतून दुसऱ्या टोळीच्या हद्दीत चालत गेल्या. बरोबर खाण्याचे पदार्थ, थंड पेये, गिटार. जिथे पोरे दबा धरून उभी होती तिथे जाऊन त्यांनी त्यांना खायला दिले, त्यांच्याशी बोलल्या, आणि आपल्या गावाकडची जुनी गाणी म्हणू लागल्या. पोरे चक्रावून गेली. पोलीस आले तर काय करायचे ते त्यांना माहीत होते, दुसरी टोळी आली तर काय करायचे तेही माहीत होते. आया गाणी म्हणत आल्या तर काय करायचे, हे त्यांना कोणी शिकवले नव्हते.

असे चालणे नंतर पुन्हा पुन्हा झाले. आयांनी शांततेसाठी समिती काढली. टोळीतल्या पोरांना जेवायला बोलावले. पोलिसांनी एखाद्याला विनाकारण मारले तर त्याचीही दाद मागितली. ती पोरे आपली आहेत, आपण त्यांना जन्म दिला आहे, मग ती कुठल्याही टोळीतली असोत, हा त्यांचा पवित्रा होता. आम्हाला वाटते, मत्तयच्या या उताऱ्यावर आपल्याकडे प्रवचने बहुतेक पेत्राच्या अल्पविश्वासावर येऊन संपतात. बुडाला का, तर विश्वास कमी पडला. पण उरलेले अकरा जण नावेतून उतरलेच नाहीत, त्यांच्याबद्दल आपण फारसे बोलत नाही.

धर्मग्रामात सगळेच खूष होते असे मुळीच नाही. घरदार नसलेल्या, कागदपत्रे नसलेल्या परदेशी मजुरांना रात्री चर्चमध्ये झोपू दिले जाई. सकाळी चर्चमध्ये पायांचा वास राही. टोळीतली पोरे चर्चच्या आवारात वावरत. काही जण कुरकुरले, काही जण दुसऱ्या चर्चला जाऊ लागले. आपल्या मागच्या सभेत जे बोलले गेले ते तिथेही बोलले गेले होते. तेव्हा उत्तर द्यायला फादर उभे राहण्याआधी धर्मग्रामातल्या जुन्या, सगळ्यांचा मान असलेल्या दोन बायका उभ्या राहिल्या, आणि येशूने हेच केले असते, एवढ्या साध्या शब्दांत त्यांनी विषय मिटवला.

शाळा, काम, पाव

शाळांमधून काढून टाकलेली मुले दिवसभर वसाहतीत फिरत आणि अंमली पदार्थ विकत. म्हणून १९८८ साली धर्मग्रामाने त्यांच्यासाठी वेगळी शाळा काढली. जागा कुठून आणणार? धर्मभगिनींना विचारले, आणि त्यांनी आपला कॉन्व्हेंट रिकामा करून दिला. शाळेत रोज मारामाऱ्या होत, शिक्षक टिकत नसत. मग मुलेच म्हणू लागली की आम्हाला काम द्या. आयांनी पोरांना बरोबर घेऊन आसपासच्या कारखान्यांचे दरवाजे ठोठावले. काम फारसे कोणी दिले नाही. तेव्हा धर्मग्रामानेच कामे काढली : भिंतींवरची रंगरंगोटी पुसायची, झाडे-बागा करायच्या, पाळणाघराची इमारत बांधायची. पगार कुठून द्यायचा हे कित्येकदा फादरांनाही माहीत नसे.

१९९२ च्या एप्रिलच्या अखेरीस लॉस एंजलिसमध्ये मोठ्या दंगली उसळल्या. त्या वर्षी रे स्टार्क या चित्रपट निर्मात्याने पैसे दिले आणि चर्चसमोरची एक जुनी बेकरी चालवायला घेतली गेली. नाव ठेवले होमबॉय बेकरी. होमबॉय म्हणजे आपल्याच गल्लीतला पोरगा. अट एकच होती की एकमेकांच्या जिवावर उठलेल्या टोळ्यांतल्या पोरांनी एकाच भट्टीपुढे उभे राहून पीठ मळायचे. १९९९ साली बेकरी आगीत जळाली. २००१ साली हे काम होमबॉय इंडस्ट्रीज या नावाने धर्मग्रामापासून स्वतंत्र संस्था झाले, आणि २००७ साली शहराच्या चायनाटाऊन भागात नव्या इमारतीत गेले. बेकरीबरोबर मुलींनी चालवलेले कॅफेही आहे. अंगावरचे टोळीचे गोंदण लेसरने मोफत काढून देतात, कारण चेहऱ्यावर टोळीचे नाव असलेल्या माणसाला काम कोण देणार? त्या लेसरने उकळते तेल उडाल्यासारखे पोळते. तरी रांग असते.

काही गोष्टी चुकल्याही, आणि त्या फादर बॉईल यांनी लपवलेल्या नाहीत. सुरुवातीला ते सायकलवरून एका टोळीकडून दुसऱ्या टोळीकडे जाऊन तह घडवून आणत. पुढे त्यांच्या लक्षात आले की अशा तहाने टोळीलाच मान मिळतो, ती आणखी घट्ट होते. ते त्यांनी थांबवले. टोळीशी बोलणे बंद केले आणि एकेका मुलाशी बोलणे चालू ठेवले. पैशांचेही तसेच. २०१० साली पैसे संपले आणि सुमारे तीनशे माणसांना कामावरून कमी करावे लागले. संस्था त्यातून हळूहळू सावरली.

सर्वांत मोठा धडा त्यांना उशिरा मिळाला. आधी त्यांना वाटे की पोराला काम दिले की ते सुटले. पण चांगल्या कामावर लागलेली पोरेसुद्धा एखाद्या धक्क्यासरशी कोलमडून पुन्हा तुरुंगात जाऊ लागली. पगाराने खिसा भरला होता, आतली जखम तशीच होती. तेव्हापासून कामाच्या बरोबरीने मनाच्या उपचाराला जागा मिळाली. तिथला कार्यक्रम आता अठरा महिन्यांचा आहे. या काळात माणसाला पगार मिळतो, आणि कामाच्या वेळातच समुपदेशन, व्यसनमुक्तीची सभा, रागावरचा वर्ग, मुले कशी वाढवावीत याचा वर्ग होतो. शिकवणारे, दारात स्वागत करणारे, हिशेब बघणारे कितीतरी जण स्वतः एकेकाळी त्याच दारातून तुरुंगाचे कपडे टाकून आलेले असतात. मदत देणारा वर आणि घेणारा खाली, अशी मांडणीच तिथे त्यांनी ठेवलेली नाही. आम्हाला या सगळ्यात हेच सर्वांत कठीण वाटते. पैसे जमवणे त्यामानाने सोपे.

२०२४ च्या मे महिन्यात अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी फादर बॉईल यांना तिथला सर्वोच्च नागरी सन्मान दिला. मथळे त्याचे झाले. सत्तर बायकांच्या त्या रात्रीला पदक नाही.

अम्माऊसची वाट

मनाच्या आघाताविषयी डॉ. ज्युडिथ हर्मन यांनी १९९२ साली लिहिलेले 'ट्रॉमा अँड रिकव्हरी' हे पुस्तक आजही या विषयात आधाराचे मानले जाते. बरे होण्याचे तीन टप्पे त्यांनी सांगितले. पहिला, माणसाला सुरक्षित वाटणे. दुसरा, झालेले आठवून सांगणे आणि त्याचा शोक करणे. तिसरा, पुन्हा माणसांत येणे. हे टप्पे शिडीसारखे सरळ नसतात, माणूस पुढे-मागे होत राहतो.

लूकचा चोविसावा अध्याय आता पुन्हा वाचावा. दोन शिष्य यरुशलेम सोडून निघाले आहेत. ज्याच्यावर सगळी भिस्त होती त्याला त्यांच्या डोळ्यांदेखत हालहाल करून मारले. ते घाबरलेले आहेत, तोंडे उतरली आहेत. येशू त्यांच्याबरोबर चालू लागतो. आधी चालतो, बोलत नाही. मग विचारतो की काय बोलत आहात. क्लयपा चिडूनच उत्तर देतो, तुला एकट्यालाच माहीत नाही का, अशा सुरात. येशूला सगळे माहीत आहे. ज्याच्यावर ते घडले तो तोच आहे. तरी तो पुन्हा विचारतो, काय घडले? आणि त्यांना सगळे पहिल्यापासून सांगू देतो. शास्त्र समजावणे त्यानंतर येते. भाकर मोडणे त्याहूनही नंतर. आणि मग ते दोघे त्याच रात्री, त्याच धोक्याच्या शहराकडे, आपल्या माणसांत परत जातात.

आपण बहुतेक उलट करतो. पोरगा समोर बसला की पहिल्या मिनिटाला आपला उपदेश सुरू होतो. चर्चला येत नाहीस म्हणून असे होते. आईवडिलांनी तुझ्यासाठी काय नाही केले. माझ्या वेळेला आम्ही अनवाणी शाळेत जायचो. त्याची गोष्ट ऐकण्याआधी आपली संपलेली नसते.

आपल्या गावी हे कसे जमेल

आपले गाव लॉस एंजलिस नाही. इथे पोरांच्या हातात पिस्तुले नाहीत, टोळ्यांच्या हद्दी नाहीत, आणि देवाच्या कृपेने असे दफनविधी आपण पाहिलेले नाहीत. तेव्हा तिथली योजना उचलून इथे बसवण्यात अर्थ नाही. बेकऱ्या आपल्याकडे पुष्कळ आहेत. पण दारू आहे. मोबाईलवरचे जुगार आहेत आणि त्यापायी झालेली कर्जे आहेत. बाप आखातात किंवा बोटीवर, वर्षाचे दहा महिने घरात नसलेला, ही घरे आहेत. दहावी-बारावीला नापास झाल्यावर घराबाहेर न पडणारी मुले आहेत. आणि वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीवरून भावाभावांत बोलणे बंद झाल्याने ज्यांना अचानक चुलत भावंडांशी खेळायला मनाई झाली, अशीही मुले आहेत. या शेवटच्या गोष्टीला आपण आघात म्हणतच नाही.

समूहाच्या सभेत या वेळी कोणत्याही मुलाचे नाव घेऊ नये, ही आमची कळकळीची विनंती. त्याऐवजी प्रत्येकाने मनात एकच विचारावे की माझ्या गल्लीतल्या कोणत्या मुलाला किंवा मुलीला मी नावाने हाक मारतो, आणि शेवटची हाक मारल्यावर मी थांबून काय विचारले होते. वडीलधाऱ्यांनी क्रुसाच्या कठड्यावर जाऊन बसून पाहावे. दहा मिनिटे, काही न शिकवता. फुटबॉलच्या मॅचवर बोलता येत असेल तर उत्तम, नसेल तर नुसते बसावे. पहिल्या दिवशी पोरे उठून जातील. जाऊ द्यावीत.

ऐकण्याचीही रीत आहे. कोणी मनातले बोलले तर ते तुमच्यापाशी राहिले पाहिजे. प्रार्थनेच्या विनंतीच्या नावाखाली सभेत सांगू नये. आपल्याकडे असे फार होते, हे कबूल करायला हवे. 'अमक्याच्या घरासाठी प्रार्थना करू या' म्हणताना अर्ध्या गावाला घरातली बातमी कळते. मात्र एका बाबतीत गुप्तता पाळायची नाही. अठरा वर्षांखालच्या मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले, किंवा तशी शंका आली, तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. करणारा घरातला असो, मोठा माणूस असो, चर्चशी संबंधित असो. लेकराला पुन्हा पुन्हा खोदून विचारू नये. त्याने सांगितले त्यावर विश्वास ठेवावा, तुझा दोष नाही असे सांगावे, आणि पुढचे तज्ज्ञांवर सोपवावे. मुलांसाठीचा १०९८ हा क्रमांक चोवीस तास मोफत चालतो. मनाच्या त्रासासाठी केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, मराठीतही बोलता येते. कोणी मरण्याची भाषा बोलले तर ते नाटक समजू नये, त्याला एकटे सोडू नये, आणि लगेच डॉक्टर गाठावा. रोझरी म्हणावी, पण डॉक्टरकडे जाताना वाटेत म्हणावी.

दारूच्या बाबतीत आपल्याला फार लांब जायला नको. फादर ज्यो परेरा यांनी १९८१ साली वांद्र्याच्या माउंट कार्मेल धर्मग्रामात सुरू केलेले कृपा फाउंडेशनचे काम आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे. तिथेही जो स्वतः त्या वाटेने गेला, तोच दुसऱ्याचा हात धरतो. पिणाऱ्याइतकीच मदत त्याच्या बायकोमुलांना लागते, हे मात्र आपण विसरतो. पिणारा उपचारासाठी गेला की घरावरचे लक्ष आपण काढून घेतो. फाटकाची कडी ऐकत झोपणारे पोर तिथेच असते.

आणि ऐकणाऱ्यांनी स्वतःलाही जपावे. दुसऱ्याचे दुःख ऐकून ऐकून माणूस पिचतो. एकट्याने हे काम करू नये, निदान दोघांनी करावे. सभेच्या शेवटी येशूने शिष्यांना दोघादोघांनी पाठवले, तो मार्क ६:७ हा भाग वाचावा, एवढ्यासाठीच.

पहिल्या परिच्छेदातल्या त्या आईविषयी. सभेनंतरच्या आठवड्यात महिला मंडळातल्या दोघी तिच्या घरी गेल्या. दार उघडले, पण आत या म्हटले नाही. दुसऱ्या खेपेला या दोघींनी घरच्या आंब्याचे लोणचे नेले. तिने बरणी घेतली आणि पावसावर, बाजारभावावर बोलली. माफी मागायची होती ती या दोघींच्या तोंडातून निघालीच नाही, असे त्यांनी आम्हाला सांगितले. तिसऱ्या खेपेला मुलगाच दारात होता. आई कामावर गेली आहे म्हणाला. मग थोडे थांबून, बसा, चहा करतो म्हणाला. चहात साखर फार होती. दोघींनी पूर्ण प्यायला. त्याने रिकामी बरणी धुऊन परत दिली. येत्या गुरुवारी त्या पुन्हा जाणार आहेत.